नियम आत्ताच हातात पडलेला खेळ: प्रोग्रॅम नेमका कुठे हरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अल्फा-बीटावर (आपली आणि समोरच्याची चाल आळीपाळीने पुढे तपासत, निरुपयोगी फांद्या सोडून देणारी पद्धत) चालणारं छोटं बुद्धिबळ इंजिन तुम्ही लिहिलंय आणि ते बरं खेळतं. त्याच अनुभवावर आता अनोळखी खेळांच्या स्पर्धेसाठी प्रोग्रॅम करताय. फुल्ली-गोळा आणि कनेक्ट फोर तो नीट खेळतो. वेगळा खेळ दिला की मात्र डोळे मिटून चाल खेळणाऱ्या रँडम प्रोग्रॅमकडूनही वारंवार हरतो. म्हणून तुम्ही विचारताय की अल्फा-बीटा सोडून रँडम डाव खेळून चाल निवडणाऱ्या मॉन्टे कार्लोकडे वळावं, की सरळ न्यूरल नेटवर्क शिकवावं? आणि जाता जाता, पायथन की जावा?

अल्गोरिदमचा निर्णय थोडा बाजूला ठेवू. रँडमकडून अधूनमधून हरणं समजू शकतो, पण वारंवार हरणं हे सर्च, म्हणजे पुढच्या चालींचा शोध, कमकुवत असल्याचं लक्षण नाही. अगदी बावळट सर्चसुद्धा, दोनच चाली पुढचं बघणारा, रँडमला बहुतेक खेळांत हरवतो. तुमचा प्रोग्रॅम हरतोय याचा अर्थ तो बहुधा तुम्ही समजताय तो खेळ खेळतच नाहीये. एक तर नियम चुकीचे वाचतोय, किंवा उत्तर वेळेत पोचत नाहीये, किंवा पटावर काय चाललंय याबद्दलची त्याची समजूत आणि खरी स्थिती यांत फारकत झालीय. असे प्रोग्रॅम मी बरीच वर्षं लिहितोय. त्यातले तीन पूर्ण टाकून दिले, आणि तिन्ही वेळा कारण सर्चमध्ये नव्हतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. ‘अनोळखी खेळांची स्पर्धा’ हे एकाच गोष्टीचं नाव नाही. तुमच्या वर्णनावरून तुम्ही स्टॅनफर्डच्या जनरल गेम प्लेइंगच्या घराण्यातली स्पर्धा म्हणताय असं धरतो. मायकेल जेनेसरेथ यांच्या गटाने २००५ साली ट्रिपल-ए-आय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संस्थेच्या पिट्सबर्गमधल्या परिषदेत ती सुरू केली. पहिल्या वर्षी बक्षीस १०,००० डॉलरचं होतं. इथे नियम तर्कशास्त्राच्या भाषेत, म्हणजे गेम डिस्क्रिप्शन लँग्वेजमध्ये (जीडीएल), लिहिलेले येतात. ते वाचून तयारी करायला ‘स्टार्ट क्लॉक’ मिळतो आणि मग प्रत्येक चालीला ‘प्ले क्लॉक’. व्हिडिओ गेमवाली जीव्हीजीएआय स्पर्धा २०१४ ची. तिथे नियम वाचायला मिळत नाहीत, फक्त ‘ही चाल केली तर काय होईल’ हे विचारता येतं, आणि दर चालीला वेळ ४० मिलिसेकंद. तुमची स्पर्धा त्या जातीची असेल तर खालचं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही. पत्त्यांसारखी लपलेली माहिती असेल तर जीडीएल-२ ही भाषा येते, आणि तिथला हिशेबच निराळा.

आता तुमच्या बुद्धिबळ इंजिनाकडे. त्यातलं शहाणपण कुठे आहे? पटाची मांडणी, चाली तयार करण्याचा कोड, ‘वजीर नऊ, हत्ती पाच’ असं मोजून स्थिती किती चांगली ते ठरवणारं इव्हॅल्युएशन, सगळं तुम्ही बुद्धिबळ जाणता म्हणून आत गेलंय. अल्फा-बीटा हा त्यावरचा कळस. १९९७ साली कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्लूचीही गोष्ट हीच. त्याच्या हातात फुल्ली-गोळ्याचे नियम दिले असते तर तो काही करू शकला नसता. तुम्ही नव्या प्रोग्रॅममध्ये कळस उचलून आणलाय, पाया मागेच राहिलाय.

शिवाय अल्फा-बीटाबरोबर तीन गृहीतकं गुपचूप आली असणार. एक, खेळाडू दोनच. दोन, ते आळीपाळीने खेळतात. तीन, समोरच्याचा फायदा म्हणजे माझा तोटा. जीडीएलमध्ये यातलं एकही गृहीत धरता येत नाही. तिथे प्रत्येक पायरीवर सगळे खेळाडू एकाच वेळी चाल देतात. आळीपाळीचा खेळ असेल तर ज्याची पाळी नाही त्याला ‘काही करू नको’ एवढी एकच चाल मिळते. खेळाडू एक असू शकतो, तीन असू शकतात. गुण ० ते १०० मध्ये असतात, पण दोघांच्या गुणांची बेरीज १०० झालीच पाहिजे असं नाही. दोघांनाही १०० मिळतील असा खेळ येऊ शकतो. तिथे तुमचा प्रोग्रॅम समोरच्याला शत्रू समजून त्याला अडवत बसला तर दोघंही बुडतात. फुल्ली-गोळा आणि कनेक्ट फोर तिन्ही गृहीतकांत बसतात. तुमचा प्रोग्रॅम नेमके तेच दोन नीट खेळतो, यावरून मला पहिली शंका आली.

दुसरी शंका शब्दांवरची. सरावाच्या फाइलमध्ये ‘सेल’, ‘मार्क’, ‘ब्लँक’, ‘पॉन’ असे ओळखीचे शब्द दिसतात. स्पर्धेत गेम मॅनेजर, म्हणजे डाव चालवणारा सर्व्हर, ते मुद्दाम विस्कटून देतो. ‘घर रिकामं असेल तर तिथे खूण करता येते’ हा नियम तुमच्या प्रोग्रॅमला साधारण असा मिळतो: ‘टुंपा गिल असेल तर तिथे झरकता येतं.’ फक्त भाषेचे स्वतःचे शब्द, म्हणजे लीगल, नेक्स्ट, टर्मिनल, गोल वगैरे, जसेच्या तसे राहतात. तुमच्या कोडमध्ये कुठेही ‘सेल’ हा शब्द शोधून पट ओळखायची युक्ती असेल तर ती आजच काढा. आकडेसुद्धा आकडे नसतात बरं का. ४ नंतर ५ येतो हे नियमांतच कुठेतरी लिहिलेलं असतं. तुम्हाला ते माहीत आहे म्हणून प्रोग्रॅमने गृहीत धरायचं नाही.

तिसरी शंका तुमच्या इव्हॅल्युएशनवर, आणि यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी ‘ज्याच्या सोंगट्या जास्त त्याची बाजू वरचढ’ असं एक सामान्य वाटणारं तत्त्व घातलं होतं. एका छोट्या स्पर्धेत चेकर्ससारखा खेळ आला. माझा प्रोग्रॅम शांतपणे समोरच्याच्या सोंगट्या टिपत राहिला आणि मी खुशीत बघत होतो. डाव संपला तेव्हा मला ० आणि समोरच्याला १००. नियम उलटे होते: ज्याच्या सोंगट्या आधी संपतील तो जिंकणार. गोलच्या नियमात, म्हणजे कुणाला किती गुण हे सांगणाऱ्या नियमात, ते एका ओळीत स्वच्छ लिहिलेलं होतं. प्रोग्रॅमने ती ओळ वाचली होती, मी सांगितलेल्या शहाणपणापुढे तिला किंमत दिली नव्हती. त्यानंतर मी एक नियम पाळतो. खेळाबद्दलचं कुठलंही मत कोडमध्ये हाताने घालायचं नाही. मत हवं असेल तर प्रोग्रॅमने स्टार्ट क्लॉकमध्ये काही शे रँडम डाव खेळून बघावं, की सोंगट्या जास्त असण्याचा आणि शेवटी मिळालेल्या गुणांचा काही संबंध दिसतो का, आणि दिसला तर कुठल्या दिशेने.

आता वेळेकडे येऊ. बहुतेक व्यवस्थांत तुमची चाल वेळेत आली नाही किंवा बेकायदा आली, तर गेम मॅनेजर तुमच्या वतीने कुठलीतरी कायदेशीर चाल खेळून टाकतो आणि डाव पुढे जातो. प्रोग्रॅम बंद पडत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही. तुम्हाला वाटतं आपला प्रोग्रॅम वाईट खेळला. प्रत्यक्षात तो खेळलाच नाही, त्याच्या जागी दुसराच रँडम खेळत होता. तुमच्या हरण्यामागे हे असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. फुल्ली-गोळ्यात सर्च क्षणात संपतो म्हणून वेळ चुकत नाही. मोठ्या खेळात एक पातळी खोल जायला निघालेला अल्फा-बीटा मध्येच थांबत नाही आणि घड्याळ उलटून जातं.

आणि याच्याच पोटात दुसरा दोष लपलेला असतो. पुढच्या निरोपात गेम मॅनेजर सांगतो की गेल्या पायरीवर कुणाची कुठली चाल झाली. त्यात तुमच्या नावावर त्याने लावलेली चाल असते. तुमचा प्रोग्रॅम मात्र स्वतःच्या मनातली चाल झाली असं समजून पट पुढे सरकवत असेल, तर तिथून पुढे तो वेगळ्याच डावात असतो. मग त्याच्या चालीही बेकायदा ठरतात, त्याही बदलल्या जातात आणि गोंधळ वाढत जातो. उपाय साधा आहे: स्वतःची चालसुद्धा निरोपातूनच वाचायची. आपण काय पाठवलं होतं ते विसरून जायचं.

मी घड्याळ असं सांभाळतो. चाल मागितली गेली की पहिल्याच क्षणी कुठलीतरी एक कायदेशीर चाल ‘आत्तापर्यंतची सर्वोत्तम’ म्हणून नोंदवतो. सर्च वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम) चालतो आणि सुधारणा झाली की ती नोंद बदलतो. मुख्य थ्रेड फक्त घड्याळ बघतो आणि वेळ संपायच्या दोन सेकंद आधी असेल ती नोंद पाठवून देतो. दोन सेकंद पुष्कळ वाटतील. मलाही वाटायचे. १५ सेकंदांच्या प्ले क्लॉकमध्ये मी १४.८ ला उत्तर पाठवायचो आणि घरी ते उत्तम चालायचं. स्पर्धेच्या दिवशी जिंकत आलेल्या डावात मेमरी साफ करायला जावाने मध्येच दम घेतला, उत्तर उशिरा गेलं, माझ्या वतीने भलतीच चाल लागली आणि डाव गेला. शेवटच्या सेकंदात सर्चला जे सापडतं ते त्या एका चालीच्या किमतीचं क्वचितच असतं.

नियम वाचण्यातल्या चुका शोधायला अवघड, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. जीडीएल डेटालॉग या तर्कनियमांच्या भाषेच्या वळणाची आहे. त्यात ‘नॉट’ आणि ‘डिस्टिंक्ट’ हे दोन शब्द भल्याभल्यांना फसवतात. नियम लिहिणाऱ्याने ‘क्ष आणि य वेगळे असावेत’ ही अट आधी लिहिली आणि क्ष, य कोण हे ठरवणाऱ्या ओळी नंतर, असं होऊ शकतं. तुमचा कोड ओळी वरून खाली तपासत असेल, तर किंमत न मिळालेल्या दोन चलांची तुलना होते, उत्तर ‘हो, वेगळे आहेत’ असं येतं आणि एक अख्खा नियम चुकीचा लागू होतो. ‘नॉट’चंही तसंच. म्हणून फाइल वाचतानाच प्रत्येक नियमातल्या अटींचा क्रम लावून घ्यायचा: चलांना किंमत देणाऱ्या अटी आधी, नकार आणि तुलना शेवटी.

हे बरोबर झालं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. माझी पद्धत अशी: नियम वाचणारे दोन वेगळे कोड ठेवायचे. एक अतिशय सरळ, हळू, पण वाचून पटेल असा. दुसरा वेगवान. दोघांना तेच रँडम डाव खेळायला लावायचे आणि प्रत्येक पायरीवर कायदेशीर चालींची यादी, पुढची स्थिती आणि शेवटचे गुण जुळतात का बघायचं. जिथे पहिल्यांदा फरक पडेल तिथेच दोष. हे कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या प्रोग्रॅमच्या आयुष्यात सगळ्यात जास्त गुण याच कामाने मिळवून दिलेत.

वेगवान कोड म्हणजे काय? इथे प्रॉपनेटचा विषय येतो. नियमांतल्या चलांच्या जागी शक्य त्या सगळ्या किमती भरून खेळाचं एक मोठं सर्किट करायचं: आणि, किंवा, नाही यांची गेट्स, आणि एका पायरीवरून दुसरीवर नेणाऱ्या जोडण्या. मग दर वेळी तर्क करत बसावं लागत नाही, बिट उलटतात आणि उत्तर बाहेर येतं. २०१४ ची स्पर्धा जिंकणाऱ्या सँचो या प्रोग्रॅमच्या ताकदीत प्रॉपनेटवर घेतलेल्या मेहनतीचा मोठा वाटा होता. माझ्याकडे हा बदल केल्यावर तेवढ्याच वेळात होणारे पूर्ण डाव शेकड्यांतून हजारांत गेले, सर्चमधली एक ओळही न बदलता. पण सावध राहा. पट मोठा असेल आणि नियमांत चार-पाच चल एकत्र असतील तर सर्किट फुगत जातं, आणि ते बांधता बांधताच स्टार्ट क्लॉक संपतो. म्हणून ते बाजूच्या थ्रेडवर बांधायला घ्यायचं, तोवर हळू कोडवर खेळायचं. झालं तर झालं.

एवढं सगळं जागेवर आलं की मग तुमचा मूळ प्रश्न. माझं उत्तर मॉन्टे कार्लो ट्री सर्च. का, ते स्पर्धेच्या इतिहासातच दिसतं. २००५ चा विजेता क्लूनप्लेयर आणि २००६ चा फ्लक्सप्लेयर, दोघंही नियमांतून आपोआप इव्हॅल्युएशन तयार करून त्यावर सर्च चालवायचे. २००७ मध्ये रेक्याविकचा काडियाप्लेयर आला. तो यूसीटी वापरत होता, म्हणजे रँडम डाव शेवटपर्यंत खेळून बघायचे आणि जी चाल बरी दिसेल तिच्याकडे हळूहळू जास्त डाव वळवायचे. तो २००७, २००८ आणि पुन्हा २०१२ मध्ये जिंकला, आणि मधल्या काळात जवळपास सगळ्यांनी तोच रस्ता धरला. कारण उघड आहे. या पद्धतीला खेळाबद्दल मत लागत नाही. डाव संपल्यावर गुण किती, एवढं सांगणारा गोलचा नियम पुरतो. वरच्या उलट्या चेकर्समध्ये ती फसली नसती. एकाच वेळी चाली देणाऱ्या खेळातही प्रत्येक खेळाडूचा हिशेब स्वतंत्र ठेवून ती चालवता येते, आणि मध्येच थांबवली तरी हातात काहीतरी उत्तर असतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. बहुतेक खेळांत डाव कधीतरी संपावा म्हणून नियमांत पायऱ्या मोजणारा आकडा असतो. तोही स्थितीचाच भाग, त्यामुळे पट हुबेहूब तोच असूनही पायरी वेगळी म्हणून आधी बघितलेल्या स्थितींच्या तुमच्या टेबलात तो नवा दिसतो आणि ओळख पटत नाही. दुसरं, एकट्याच्या कोड्यांत सरासरीवर विसंबू नका. माझ्या एका प्रोग्रॅमला स्टार्ट क्लॉकमध्येच १०० गुणांचा पूर्ण मार्ग सापडला होता. पहिली चाल खेळल्यावर त्याने नव्याने शोध सुरू केला आणि तो मार्ग त्याला पुन्हा सापडला नाही. १०० दिसले की तो क्रम जपून ठेवायचा आणि डोळे झाकून खेळायचा.

मॉन्टे कार्लो कुठे पार आंधळं होतं ते दाखवायला एक कोडं सांगतो. तीन बटणं अ, ब, क आणि तीन दिवे प, फ, म. सुरुवातीला सगळे दिवे बंद. अ दाबलं की प बदलतो, बंद असेल तर चालू आणि चालू असेल तर बंद. ब दाबलं की प आणि फ यांची अदलाबदल. क दाबलं की फ आणि म यांची. सहा चालींत तिन्ही दिवे लागले पाहिजेत. अ, ब, क, अ, ब, अ असं दाबून बघा, होतं. एकूण क्रम ३ चा सहावा घात, म्हणजे ७२९. संगणकाला हे किरकोळ.

आता असेच नऊ संच शेजारी ठेवा, एकूण २७ बटणं, चाली तेवढ्याच सहा, आणि गुण फक्त मधल्या संचाला. क्रम झाले ३८,७४,२०,४८९. रँडम डावात सहाच्या सहा चाली मधल्या संचात पडण्याची शक्यता ५,३१,४४१ मध्ये एक, आणि त्या पडल्या तरी क्रम बरोबर हवाच. सर्चला जवळपास प्रत्येक डावातून ० मिळतो आणि कुठे वळावं याचा काहीच सुगावा लागत नाही. पण नियम गोलपासून उलटे वाचत गेलात तर? गोल तीन दिव्यांवर अवलंबून, ते तीन दिवे तीन बटणांवर, आणि बाकीच्या २४ बटणांचा या दिव्यांशी काही संबंध नाही. हे कळलं की ती २४ बटणं मिळून एकच ‘काही न करणारी’ चाल होते आणि खेळ पुन्हा चार हजारांच्या आसपास क्रमांवर येतो. अशी रचना शोधण्यात घालवलेले स्टार्ट क्लॉकचे पहिले काही सेकंद मला नंतरच्या लाखभर रँडम डावांपेक्षा मोलाचे वाटतात. या स्पर्धेतली खरी मजाही मला इथेच वाटते.

न्यूरल नेटवर्कबद्दल माझं मत थोडं कडक आहे. तुमच्या मनात अल्फाझीरो, म्हणजे स्वतःशी खेळून शिकणारा डीपमाइंडचा प्रोग्रॅम, आहे हे उघड आहे. त्याने बुद्धिबळ, शोगी आणि गो यांसाठी वेगवेगळं नेटवर्क शिकवलं, आणि स्वतःशी डाव खेळायला ५,००० टीपीयू (गूगलच्या खास चिप) लावले होते. पद्धत तीच असली तरी प्रत्येक खेळाला शिकण्याचा वेळ वेगळा दिलेला होता. तुमच्याकडे स्टार्ट क्लॉकची काही मिनिटं आहेत आणि एक साधा संगणक. पुढे कधी, आधी न बघितलेल्या नियमांवरून काहीतरी अंदाज देणारं नेटवर्क घालायचं असेल तर जरूर घाला, संशोधनाचा विषय म्हणून तो छान आहे. पण आज रँडमकडून हरणाऱ्या प्रोग्रॅमवर नेटवर्क चढवलंत तर चूक नियम वाचण्यात आहे की शिकण्यात, हे शोधायलाही जागा उरणार नाही.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा. अल्फा-बीटा काढू नका, हात लावू नका. प्रत्येक चालीला तीन गोष्टी लॉगमध्ये लिहा: उत्तर पाठवताना घड्याळात किती वेळ उरला होता, आपण कुठली चाल पाठवली, आणि पुढच्या निरोपात आपल्या नावावर कुठली चाल आली. रँडमविरुद्ध शंभर डाव लावा, निम्मे पहिल्या बाजूने, निम्मे दुसऱ्या. दुसरी आणि तिसरी नोंद कुठेही वेगळी निघाली तर अल्गोरिदमची चर्चा तिथेच थांबवा आणि घड्याळ दुरुस्त करा. सगळीकडे जुळत असूनही हरत असाल तर इव्हॅल्युएशन काढून टाका, फक्त शेवटच्या गुणांवर खेळू द्या, आणि पुन्हा शंभर डाव लावा. तरीही हरला तर नियम वाचणारा कोड चुकतोय.

पायथन की जावा, याचं उत्तर: जमेल त्यात सुरू करा, पण रँडम डाव खेळणारा आतला लूप पायथनमध्ये ठेवू नका, तिथे वेग फार जातो. जावात जीजीपी बेस नावाचा तयार पाया आहे. त्यात गेम मॅनेजरशी बोलणं, नियम वाचणं आणि सरावाचा सर्व्हर हे सगळं आयतं मिळतं, आणि वर सांगितलेला ‘हळू पण बरोबर’ कोडही त्यातूनच घेता येईल. मी सध्या जावात निरोपांची देवाणघेवाण ठेवतो आणि प्रॉपनेट सी प्लस प्लसमध्ये. शंभर डावांचा लॉग तयार झाला की इथेच टाका, कुठल्या खेळात किती वेळा चाल बदलली गेली ते आधी बघू.